रामटेकच्या पायथ्याला चालायची वाट द्या

प्रति,
माननीय पालकमंत्री, नागपूर जिल्हा,
तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती



रामटेकच्या विकासाचा विषय निघाला की सगळ्यांची नजर गडाकडे, वर जाते. वरचा वाहनतळ, वरची दुकाने, वरचे दिवे, वर जाणारा रस्ता. आजवर जे बोलले गेले, मागितले गेले, त्यातले बहुतेक टोकावरच्या देवळांसाठी होते आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी आवश्यकही होत्या. मी मात्र आपल्याला डोंगराच्या पायथ्याबद्दल लिहीत आहे. पायथ्याला धरून चालता येतील अशा दोन-तीन सोप्या, सावलीच्या, वाहनमुक्त वाटा आखून द्याव्यात, एवढीच मागणी आहे. ती का करावीशी वाटते, हे जरा सविस्तर सांगतो.

नागपूरहून जबलपूर रस्त्याने निघालेल्या माणसाला कन्हान नदी ओलांडली की दोन्ही बाजूंना सपाट शेतीच दिसत राहते. धानाच्या बांध्या, मधूनच एखादा तलाव, बांधावर पळस आणि बाभळी. मनसरला उजवीकडे वळल्यावर पाच-सहा किलोमीटरवर रामटेक. पण डोंगर त्याआधीच दिसायला लागलेला असतो. गावापासून जेमतेम पाचशे फूट उंच. सह्याद्रीत अशा उंचीला कुणी नावही ठेवले नसते. इथल्या सपाटीवर मात्र तेवढ्या उंचीने सगळी क्षितिजरेषा आपल्याकडे ओढून घेतली आहे. अंबागडच्या डोंगररांगेचे हे पश्चिमेकडचे टोक, आणि टोकावर पांढरी शिखरे. भोवतालच्या गावांतले लोक दिशा सांगताना आजही 'गडाच्या अंगाला' आणि 'गडाच्या मागं' असेच बोलतात.

सपाट मुलखातल्या डोंगराचे हेच वेगळेपण असते. त्याच्यावर चढल्याने तो जितका कळतो, त्याहून जास्त तो भोवती फिरल्याने कळतो. वर गेले की आपल्याला पठार, तलाव, शेते दिसतात; डोंगर मात्र दिसत नाही, कारण आपण त्याच्यावर उभे असतो. खालून चाललो की तो दर अर्ध्या मैलावर रूप बदलतो. एकीकडून किल्ल्याची तटबंदी, दुसरीकडून नुसती झाडी, तिसरीकडून तळ्यात उतरलेल्या दोन सोंडा. ज्यांनी रामटेक फक्त गाडीने वर जाऊन पाहिले, त्यांनी देवळे पाहिली, प्रसाद सांभाळत माकडांशी झटापट केली, समोरचा देखावा पाहिला आणि ते परत आले. त्यांचे काही चुकले नाही. दुसरी सोय आपण त्यांना दिलीच नाही.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. माझी आत्या वर्षानुवर्षे अंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या चढून रामाला जात असे. गुडघे गेले, तसे ते थांबले. आता घरचे तिला गाडीने वर नेऊ शकतात आणि नेतातही. पण तिला जे हवे असते ते गाडीत मिळत नाही. तिला देवाच्या डोंगराला चालत भेटायचे असते. ती अंबाळ्याच्या काठावर उतरते, जेवढे जमेल तेवढे चालते, मग रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारसायकलींना घाबरून परत फिरते. अशा बाया-माणसे रामटेकला दर रविवारी दिसतात. लहान लेकरू कडेवर असलेली सून, हृदयाचे दुखणे झालेला निवृत्त मास्तर, काठी टेकत येणारे आजोबा. यांना चढ नको आहे, पण चाल हवी आहे. आपल्याकडे चालण्याच्या सोयीचा विचार करताना एक तर शहरातली बाग डोळ्यांपुढे येते नाही तर तरुण पोरांचा ट्रेक. यांच्या मधली जी माणसे आहेत, म्हणजे आपली निम्मी वस्ती, त्यांच्यासाठी काहीच नसते.

या वाटांमधली पहिली अंबाळ्याभोवतीची असावी. गावापासून डोंगराच्या कडेने गेले की हा तलाव लागतो. डोंगराच्या कुशीत पाणी, काठाने घाट, घाटांवर लहानमोठी कितीतरी देवळे. पितरांचे श्राद्ध करायला, अस्थी सोडायला लोक इथे येतात, त्यामुळे या काठाला एक गंभीर शांतता आहे. तलावाभोवतीची फेरी जवळजवळ सपाट होऊ शकते. थोडी डागडुजी केली, दोन-चार ठिकाणी उतार नीट बांधले, तर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही इथली निदान एक बाजू पाहता येईल. विधी करणाऱ्यांचा घाट आणि चालणाऱ्यांची वाट एकमेकांच्या आड येऊ नयेत, एवढे पथ्य मात्र पाळावे लागेल. दुःखात आलेल्या कुटुंबाच्या अंगावरून कुणी मोबाइलवर गाणी लावत जाऊ नये. पाटी लावून हे साधत नाही; वाट घाटाच्या मागून नेली की साधते. काठावर काही वेळ नुसते उभे राहिले तरी डोंगराच्या या अंगाचे मोल कळते. पाण्यावर गडाची सावली पडते, वरच्या आरतीची घंटा खाली ऐकू येते, आणि पायऱ्यांवरून उतरणारी माणसे ठिपक्यांएवढी दिसतात.

दुसरी वाट गावाला लागून, पायथ्याच्या झाडीतून असावी. इथे गेल्या दीड हजार वर्षांचा इतिहास विखरून पडला आहे आणि त्यातला पुष्कळसा वर नाही, खाली आहे. महानुभाव पंथाचे सर्वज्ञ श्रीचक्रधर गुजरातेतून रामयात्रेच्या निमित्ताने निघाले, ते याच रामटेकला यायला. वाटेत ऋद्धपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले. चक्रधरांच्या पुढच्या आयुष्यातही हे ठिकाण येते आणि भोगरामाच्या स्थानाला महानुभाव भाविक आजही नमस्कार करायला येतात. शांतिनाथाचे दिगंबर जैन मंदिर पायथ्याला आहे. झाडीत कर्पूर बावडीसारखी जुनी दगडी विहीर आहे. तिच्या ओवऱ्यांमध्ये उभे राहिले की वैशाखातही गार वाटते. गावाबाहेर बारई समाजाचे पानमळे आहेत. रामटेकचे पान विदर्भाच्या बाहेरही नावाजलेले, पण ते कसे लावतात, मांडवाची सावली कशी धरतात, वेल कसा उतरवतात, हे पाहिलेली माणसे किती? एखाद्या मळ्याच्या बांधावरून वाट गेली, अर्थात मालकाच्या संमतीने आणि त्याला काही मोबदला देऊन, तर शहरातल्या पोराला आयुष्यभर लक्षात राहील असा धडा मिळेल.

वरच्या देवळांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. केवल नरसिंह, रुद्र नरसिंह, त्रिविक्रमाचे भग्न शिल्प, एकाच दगडातला तो प्रचंड वराह हे सगळे वाकाटकांच्या काळाशी जोडलेले आहे आणि भारतातल्या जुन्या दगडी देवळांमध्ये त्यांची गणना होते. केवल नरसिंहाच्या देवळातला शिलालेख १९८०च्या दशकात अभ्यासकांसमोर आला आणि त्याने या टेकडीचे वाकाटक राजघराण्याशी असलेले नाते आणखी पक्के केले. लक्ष्मणाच्या देवळातल्या यादव काळातील लेखात सिंदूरगिरी, तपोगिरी अशी या डोंगराची नावे येतात आणि भोवतालच्या तीर्थांची यादीच येते. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीसुद्धा या डोंगराचे माहात्म्य सांगणाऱ्याला नुसते शिखर पुरेसे वाटले नव्हते. त्याने तळी आणि कुंडेही मोजली. शंबूकाची कथाही याच डोंगराशी बांधलेली आहे. तप करणाऱ्या शूद्राला मारल्याची ती कथा आज वाचताना अस्वस्थ व्हायला होते, व्हायलाच हवे. माहितीफलक लिहिताना ती गाळू नये.

आणि कालिदास. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच, हे मत आयुष्यभर मांडले. त्यावर वाद झाले, पुढेही होतील. पण गडावर कालिदासाचे स्मारक उभे राहिले, १९९७मध्ये त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ इथे स्थापन झाले, आषाढाचा पहिला दिवस इथे साजरा होतो. तेव्हा शासनाने ते मत स्वीकारल्यातच जमा आहे. मग कालिदासाने या डोंगराबद्दल काय सांगितले, तेही लक्षात घ्यावे. त्याचा यक्ष दाट सावलीच्या आश्रमांमध्ये राहतो, आणि तिथले पाणी सीतेच्या स्नानाने पावन झालेले आहे. रामाच्या पावलांच्या खुणा तो डोंगराच्या उतारांवर दाखवतो. सावली, पाणी आणि उतारावरची पावले. कवीने या तीन गोष्टी निवडल्या, आणि स्मारक बांधताना नेमक्या याच तीन गोष्टींकडे आपले दुर्लक्ष झाले. कालिदासाचे खरे स्मारक करायचे असेल तर उतारावरची झाडी राखणे आणि तिच्यातून माणसांना पायी फिरू देणे यासारखे दुसरे काम नाही.

तिसरी वाट थोडी लांबची, पण सर्वांत सपाट. रामटेक ते नगरधन. अंतर सहा-सात किलोमीटर, जवळजवळ सगळे धानाच्या शेतांतून. नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. तिथल्या अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी वाकाटकांकडे दिली गेली, नवरा लवकर गेला, आणि मुले लहान असताना तिने राज्य चालवले. तिच्या ऋद्धपूर ताम्रपटात दान देण्याचे ठिकाण म्हणून रामगिरीस्वामीच्या पायांचा उल्लेख आहे. नगरधनच्या किल्ल्याच्या तटावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की सपाट शेतांच्या पलीकडे रामटेकचा डोंगर स्पष्ट दिसतो. राजधानी आणि देवस्थान यांच्यात एवढीच मोकळी जागा. सोळाशे वर्षांपूर्वीची ती राणी या मोकळ्या जागेतून कधी पालखीत, कधी पायी गेली असेल, असे मला त्या तटावर नेहमी वाटते. इतिहासाच्या पुस्तकात जे चार पानांत समजत नाही ते हे अंतर एकदा चालले की समजते. जिल्ह्यातल्या आठवी-नववीच्या प्रत्येक वर्गाने ही वाट चालावी. सकाळी निघालेली मुले दुपारच्या जेवणाआधी पोचतील.

मनसरची हिडिंबा टेकडी, तिथले उत्खनन, मँगनीजच्या खाणी, खिंडसीचा तलाव ही ठिकाणे पुढच्या टप्प्यात जोडता येतील. आज त्यांचा आग्रह धरत नाही. पूर्ण डोंगराभोवती एकसंध प्रदक्षिणामार्ग असावा, असाही माझा हट्ट नाही. डोंगर पूर्वेकडे रांगेला जोडलेला आहे, मधे वनजमीन आहे, खासगी शेते आहेत. एका फटक्यात सगळे करायला गेले की दहा वर्षे फाइलच फिरत राहते. आधी अंबाळा करा.

आता हे कसे करू नये, त्याबद्दल. देशात डोंगराभोवती चालण्याची मोठी परंपरा आहे. तमिळनाडूत तिरुवण्णामलईला अरुणाचलाभोवती १४ किलोमीटरचे गिरिवलम दर पौर्णिमेला होते आणि लाखो माणसे अनवाणी चालतात. ब्रजात गोवर्धनाची सात कोसांची परिक्रमा आहे. आपल्या त्र्यंबकेश्वरला श्रावणातल्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: देवाला भेटायला चढावेच लागते असे नाही, भोवती चालणे हीच पूजा मानली गेली. पण दुसरीही गोष्ट शिकायला हवी. जिथे चालण्याची वाट आणि वाहनांचा रस्ता एकच झाला, तिथे भाविक डांबरावर, धुरात आणि हॉर्नच्या आवाजात चालतात, आणि वाटेच्या दोन्ही कडा बांधकामांनी भरून जातात. रामटेकला अजून तसे झालेले नाही. म्हणूनच हे पत्र आज लिहितो आहे.

कृपा करून सिमेंट आणि गट्टू टाकू नका. विदर्भाच्या उन्हात सिमेंटचा रस्ता सकाळी दहापासून तापतो आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाही. म्हाताऱ्या गुडघ्यांना तो टणक लागतो, पावसाचे पाणी मुरू देत नाही, आणि एकदा केला की त्यावर मोटारसायकल यायला वेळ लागत नाही. चांगला दाबलेला मुरूम पुरे आहे. दोन माणसे शेजारी शेजारी बोलत जातील एवढी रुंदी, कडेला दगडांची नाली, ओढ्यावर लहान फरशी. ज्या राज्यात रोजगार हमी योजना जन्माला आली, त्या राज्यात हे काम यंत्रांनी करण्याची गरज नाही. मुरूम दर पावसाळ्यानंतर पुन्हा पसरावा लागेल, हा दोष म्हणून सांगितला जाईल. मी तो गुण समजतो, कारण त्यामुळे पायथ्याच्या गावांतल्या हातांना दरवर्षी काम राहील.

थोड्या थोड्या अंतरावर झाडाखाली पार बांधावा. लोखंडी बाकडी उन्हात बसण्याजोगी राहत नाहीत. प्रत्येक वाटेच्या सुरुवातीला मराठीत, मोठ्या अक्षरांत पाटी असावी: वाट किती लांब, चढ किती, सावली कुठपर्यंत, पाणी कुठे. वयस्क माणूस अर्ध्यावर थकण्याच्या भीतीनेच निघत नाही. अंतर माहीत असले की तो निघतो. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह सुरुवातीलाच हवे, आणि ते रोज धुतले जाईल अशी व्यवस्था आधी करून मगच बांधावे. कुलूप लागलेली स्वच्छतागृहे आपल्याकडे कमी नाहीत. चहा, भजे, तर्री-पोहे विकायला बचत गटांच्या महिलांना ठरलेली जागा द्यावी, म्हणजे वाटभर टपऱ्या पसरणार नाहीत.

झाडांना हात लावू नये. मोह, पळस, सीताफळ, जे आहे ते राहू द्यावे. शोभेची झाडे आणून लावू नयेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की या उतारांना दुसरी शोभा लागत नाही. पेंचचे जंगल फार लांब नाही, जनावरांची ये-जा या भागात असते, तेव्हा झाडीतल्या वाटेवर दिव्यांचे खांब नकोत. सूर्यास्तानंतर ती वाट बंद, असा नियम वन विभागाने करावा आणि गावाच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने तो पाळून घ्यावा. माकडांना चणे-फुटाणे घालण्याची सवयही मोडायला हवी. वर ती इतकी धीट झाली आहेत की म्हातारी माणसे पिशवी घेऊन चालायला भितात; खाली तरी हा प्रकार सुरू होऊ देऊ नये.

कार्तिकी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते, गडावर त्रिपूर जळतो, आणि सगळ्या पंचक्रोशीची गर्दी वर जायला बघते. त्या रात्री तो त्रिपूर सर्वांत चांगला दिसतो तो खालून, सपाटीवरून. पायथ्याला वाट असेल, तर त्या गर्दीतले अर्धे लोक खाली चालत, बसत, वर बघत राहतील. वरच्या अरुंद दरवाज्यांवरचा भार कमी होईल. गर्दीत चेंगरण्याची भीती ज्या प्रशासनाला दरवर्षी वाटते, त्या प्रशासनाच्या दृष्टीनेही हा खर्च वाया जाणारा नाही.

आणि येण्यासाठी गाडीच हवी असेही नाही. नागपूरहून इतवारी-रामटेक रेल्वे आहे, एसटी आहे. रेल्वेस्थानकावर आणि बसस्थानकावर या वाटांचा एक साधा नकाशा लावला, तर नागपूरचा माणूस सकाळी येऊन दोन-तीन तास चालून संध्याकाळी घरी जाऊ शकेल. उन्हाळा सोडून वर्षातले आठ महिने हे शक्य आहे, आणि पावसाळ्यात, धानाची रोवणी चालू असताना, डोंगराभोवतीचे हे सगळे रान पाण्याने चमकत असते तेव्हा तर नक्कीच.

माझी विनंती अशी आहे. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या आराखड्यात रामटेकच्या पायथ्याच्या पायवाटांसाठी स्वतंत्र नोंद करावी. ती गडाच्या कामात मिसळू नये, कारण मिसळली की पैसा वरच जातो. अंबाळ्याची फेरी पहिल्या वर्षी, गावालगतची वाट दुसऱ्या, नगरधनची तिसऱ्या, असा साधा क्रम ठेवावा. निर्णय घेण्याआधी एक सकाळ आपण स्वतः यावे; सोबत वन विभाग, पुरातत्त्व खाते आणि नगरपरिषदेचे अधिकारी असावेत, आणि गावातली चार म्हातारी माणसे असावीत. सगळ्यांनी गाड्या बसस्थानकावर ठेवून अंबाळ्यापर्यंत पायी यावे आणि त्या चौघांना जिथे थांबावेसे वाटेल तिथे थांबावे. पार कुठे बांधायचे ते तेच दाखवतील.

आपला नम्र,
रामटेक तालुक्यातील एक रहिवासी